पिशवीचं तिकीट

जॅकेट धुवायला टाकण्याआधी खिसे तपासावेत, ही अक्कल माणसाला जॅकेट धुऊन झाल्यावरच येते. चष्मेवाल्यालाही ती तशीच आली. शुक्रवारी सकाळी त्याने स्वतःचे चार पांढरे शर्ट मशीनमध्ये टाकले, वर जागा राहिली, आणि जिन्याखाली खुंटीला सासऱ्यांचं तपकिरी जॅकेट लटकत होतं. जावयाने न सांगता एखादं काम केलं तर सासूबाईंच्या नजरेत भाव वधारतो, असा त्याचा दहा वर्षांचा अंदाज होता. तो अंदाज एकदाही खरा ठरला नव्हता, पण माणूस आशेवर जगतो.

तासाभराने मशीनचं झाकण उघडलं तेव्हा चारही शर्टांवर गुलाबी, हिरवे आणि पिवळे डाग होते आणि जॅकेटच्या आतल्या खिशात कागदाचा लगदा होता. लगदा म्हणजे बसची तिकिटं. वरची विरघळली होती, पण गठ्ठ्याला रबर लावलेलं असल्यामुळे मधली शाबूत होती. ती त्याने एकेक करून खिडकीच्या काचेवर वाळायला चिकटवली. दुकानात दिवसभर भिंगं तपासणाऱ्या माणसाला बारीक अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय राहवत नाही. त्याने वाचलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

तिकिटं टाचणीने तीन-तीनची लावलेली होती. गुलाबी तिकीट धरणापर्यंतचं. हिरवं शेवटच्या थांब्यापर्यंतचं. दोन्ही एकाच दिवसाची, एकाच गाडीची. आणि पिवळं तिकीट परतीचं, शेवटच्या थांब्यावरून शहरात यायचं. प्रत्येक जुडगा गुरुवारचा.

सासूबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते त्याला कळलं नाही. त्यांनी काचेकडे बराच वेळ पाहिलं.

"जाताना दोन," त्या म्हणाल्या, "येताना एक."

"बाबांना कोणी भेटत असेल बसमध्ये," तो म्हणाला. "ओळखीचं."

"दर गुरुवारी? आणि दर गुरुवारी त्याला तिकडे सोडून येतात?"

चष्मेवाल्याने काचेवरचं एक तिकीट उगाच सरळ केलं. शर्टांबद्दल कोणी विचारलंच नाही, एवढंच काय ते बरं झालं.

आता ज्यांच्याबद्दल हा संशय उभा राहिला, त्या सासऱ्यांना संशय शोभत नव्हता, हीच खरी पंचाईत होती. बस डेपोत त्यांना मिनिटराव म्हणत. छत्तीस वर्षं ते वेळापत्रकाच्या खोलीत बसले. खोली कसली, गोदामाच्या पोटमाळ्याला खिडकी पाडलेली. भिंतभर तक्ता, तक्त्यावर रंगीत पेन्सिलींच्या रेघा, आणि प्रत्येक रेघ म्हणजे एक गाडी. कुठली गाडी कुठे किती मिनिटं थांबेल, कुठली फेरी ठेवायची आणि कुठली कापायची, हे त्या रेघांवर ठरायचं. गंमत म्हणजे नोकरीत असताना ते स्वतः सायकलने ये-जा करायचे. आचारी जसा आपल्याच हॉटेलात जेवत नाही, तशातला प्रकार. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडायचं. मिनिटरावांनी तिसऱ्या दिवशी ते पावतीसकट परत नेऊन दिलं. असा माणूस.

तर या माणसाने निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात जाहीर केलं, की दर गुरुवारी मी धरणावर फिरायला जाणार. शहरापासून तासाभरावर डोंगरात मोठा तलाव होता, सगळ्या बाजूंनी जंगल. मिनिटराव सकाळी सात-दहाच्या गाडीने जायचे, संध्याकाळी पाच-पन्नासला फाटकाची कडी वाजायची. विचारलं तर म्हणायचे, "चाललो." कुठे? "तलावाभोवती." एवढंच. बोलण्याच्या बाबतीतही त्यांचं वेळापत्रक काटेकोर होतं. जादा गाड्या सोडत नसत.

तीन वर्षं कोणी काही म्हटलं नाही. पण सासूबाईंच्या मनात संशय आधीपासूनच मुरत होता, हे त्या दिवशी दुपारी, मिनिटराव जेवून उठल्यावर, टेबलावर बाहेर पडलं.

"चपलांचं सांगू का," त्या म्हणाल्या. चष्मेवाल्याची बायको आईकडे बघत बसली. "घरात यांच्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलाय. नव्या घ्या म्हटलं की म्हणतात, चालतंय. आणि गुरुवारच्या पिशवीत काय असतं? मऊ, नव्या कोऱ्या चपला. एक टॉवेल. बस. नव्या चपला दर गुरुवारी बाहेर जातात आणि संध्याकाळी परत येतात. घरात घालत नाहीत."

"आई, तू पिशवी तपासलीस?"

"धुवायला काढली होती."

"मग धुतलीस का?"

"नाही." सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "माणसाच्या नव्या चपला जिथे लागतात, तिथे त्याचं दुसरं घर असतं. मी काही म्हणत नाही. या गुरुवारी जावईबापूंनी जाऊन बघून यावं. काही वेडंवाकडं नसलं तर उत्तम. असलं, नाहीतर कळलंच नाही, तर ती पिशवी कपाटावर जाईल आणि यांचे गुरुवार बंद. गुडघ्यांचं निमित्त मी सांगेन. डॉक्टर माझ्या बाजूचे आहेत."

चष्मेवाल्याचं दुकान गुरुवारीच बंद असायचं. म्हणजे सुटका नव्हती. बायको त्याला जिन्यात म्हणाली, "बाबांचे गुरुवार गेले तर ते दिवसभर घरात बसतील. माहितेय ना?" त्याला माहीत होतं. मागे एकदा पाय मुरगळला म्हणून मिनिटराव आठवडाभर घरी होते, तेव्हा त्यांनी दूधवाल्याच्या, पेपरवाल्याच्या आणि जावयाच्या आंघोळीच्या वेळांचा तक्ता करून स्वयंपाकघरात लावला होता. जावयाची रेघ लाल होती.

गुरुवार उजाडला. चष्मेवाल्याने डोक्यावर टोपी चढवली, दुकानातला एक मोठा काळा चष्मा लावला आणि सात वाजताच गाडीत सर्वांत मागे जाऊन पेपर उघडला. मिनिटराव सात-सहाला आले. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसले आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. नुसती ठेवली नाही, नीट बसवली.

कंडक्टर आला. "दोन ना?" तो म्हणाला. त्यांनी मान हलवली. एक गुलाबी फाटलं, एक हिरवं फाटलं. शेजारी माणूस नव्हता. पुढे चारजण होते: हातात औषधांचा डबा घेतलेली नर्स, शाळेचे मास्तर आणि झाडू विकणाऱ्या दोघी बहिणी. चष्मेवाल्याने चौघांकडेही नीट पाहून घेतलं. नर्स जरा जास्तच शांत वाटत होती. मास्तरांचं तर चष्म्याचं भिंगच चुकीच्या नंबरचं होतं. असल्या माणसावर काय विश्वास ठेवायचा.

"कुठे?" कंडक्टर त्याच्यासमोर उभा होता.

"जिथपर्यंत जाते तिथपर्यंत."

कंडक्टरने त्याच्याकडे, मग टोपीकडे, मग उलट्या धरलेल्या पेपरकडे पाहिलं. "शेवटच्या थांब्यावर कोणाकडे?"

"असंच. बघायला."

"काय बघायला?"

"गाडी कशी भरते ते," तो म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हणाला. कंडक्टरचा चेहरा पडला. त्याने हिरवं तिकीट फार जपून फाडलं आणि पुढे जाऊन नर्सच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. नर्सने वळून पाहिलं. मग मास्तरांनी पाहिलं. मग दोघी बहिणींनी एकाच वेळी. मिनिटराव तेवढे खिडकीबाहेर बघत राहिले.

धरणाशी गाडी आठ-पाचला थांबली. मिनिटराव उठले, खांद्याला छोटी डब्याची झोळी अडकवली आणि उतरले. पिशवी सीटवरच राहिली.

चष्मेवाला अर्धा उठलेला तसाच थांबला. माणूस एकीकडे आणि पिशवी दुसरीकडे. आता पाठलाग करायचा कोणाचा? पिशवी ज्याच्याकडे चालली होती तोच खरा धागा. पण सासूबाईंनी नवऱ्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं, चपलांवर नाही. तो धडपडत दाराकडे धावला.

"साहेब, तुमचं तिकीट शेवटचं आहे," कंडक्टर म्हणाला.

"मध्येच उतरतो."

"मग मला तसं लिहावं लागेल."

"लिहा की." कंडक्टरने घाईघाईने वही काढली, जणू याने त्याला काहीतरी सुनावलं.

धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जाईपर्यंत लपायला एक झाड नव्हतं. चष्मेवाला दोनशे पावलं मागे राहिला आणि मधूनमधून वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. भिंत संपली आणि जंगल सुरू झालं. गाडीचा रस्ता तलावाच्या त्या काठाने जात होता. या काठाला फक्त पायवाट होती. पाणी हातभर उतरलेलं, काठाच्या दगडांवर पूर्वीच्या पातळीच्या रेघा एकीखाली एक, थेट मिनिटरावांच्या तक्त्यासारख्या. एका खांबावर पाणकावळा पंख उघडून वाळत होता. खाली ओल्या पानांचा थर होता, आणि आवाज दोनच: सासऱ्यांच्या पावलांचा एकसारखा, आणि त्याच्या स्वतःच्या नव्या बुटांचा करकर.

पहिल्या तासात मिनिटराव एकदाही थांबले नाहीत. दुसऱ्या तासात एका ओहोळाशी थांबले, घड्याळ पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं. आता कोणीतरी येणार, असं वाटून चष्मेवाला झुडपात बसला. कोणी आलं नाही. मिनिटराव बुटांसकट ओहोळातून पलीकडे गेले. त्यांच्या मागोमाग तोही गेला. मोजे भिजले, उजवी टाच पेटायला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात; इथे वळसा तेवढा चालू होता, कळशाचा पत्ता नव्हता.

साडेदहाला एका सपाट दगडावर मिनिटराव बसले. डबा उघडला. पावाचे तुकडे काढले, मिठाची पुडी काढली, आणि रुमालावर उकडलेली अंडी ठेवली. दोन. चष्मेवाल्याने पुन्हा मोजली. हा माणूस आयुष्यभर एकच अंडं खातो, बरोबर आठ मिनिटं उकडलेलं. दुसरं कोणासाठी?

मिनिटरावांनी एक अंडं सोलून खाल्लं. पाणी प्यायले. मग मागे न बघता म्हणाले, "जावईबापू, या आता. तुमचं अंडं सोलायचं राहिलंय."

चष्मेवाला झाडामागून बाहेर आला. लाज झाकायला त्याने चष्मा सारखा केला.

"त्याला अजून किमतीची चिठ्ठी लटकतेय," मिनिटराव म्हणाले. "बसा."

"केव्हा ओळखलंत?"

"सकाळी. डबा उचलला तेव्हा. तुमच्या सासूबाईंनी आज दोन अंडी घातली. लग्नापासून एकच घालते. म्हणजे माझ्यामागे कोणीतरी पाठवलंय, आणि ते उपाशी राहू नये अशीही काळजी आहे. मग तुमच्याशिवाय कोण?"

घरच्याच माणसाने फितूर व्हावं, आणि तेही अंड्यावाटे, हे चष्मेवाल्याला जरा लागलं. पण भूक लागली होती. त्याने अंडं सोललं आणि तोंड भरलेलं असतानाच सगळं विचारून टाकलं: तिकिटं, पिशवी, चपला.

"आईंच्या मनात भलतंच आलंय," त्याने शेवटी सांगितलं. "आज मी नीट उत्तर नेलं नाही, तर तुमचे गुरुवार बंद."

मिनिटराव पाण्याकडे बघत बसले. त्यांचा चेहरा एरवी बंद खिडकीसारखा असायचा; त्यातली एक झडप हलल्यासारखी वाटली.

"शेवटच्या थांब्याला पूर्वी रोज गाडी होती," ते म्हणाले. "मी आठवड्याला एक केली. माणसं कमी होती. आणि नियम लिहिला, की त्या फेरीला जाताना पाच आणि येताना पाच तिकिटं हवीत. चार आठवडे ओळीने कमी पडली, तर गाडी धरणावरूनच परत."

"बरं."

"चढणारे चार आहेत. येताना मी पाचवा. पण जाताना मी धरणावर उतरतो, मला चालायचं असतं. मग जाताना चारच."

"मग तिकीट शेवटचं काढायचं आणि इथे उतरायचं."

"मध्येच उतरला तर कंडक्टरने लिहायचं आणि ते तिकीट धरायचं नाही. तो नियमही माझाच." ते थांबले. "आज तुमचं तसंच गेलं."

चष्मेवाल्याला हसू यायला लागलं, पण त्याने ते पावाबरोबर गिळलं.

"सामानाने सीट अडवली तर सामानाला पूर्ण तिकीट. हाही माझा. एकदा एक बाई शिलाई मशीन घेऊन बसली होती, तेव्हा केला. म्हणून पिशवी पुढे जाते."

"पण त्यात चपला कशाला?"

"रिकाम्या पिशवीला सामान म्हणत नाहीत. ते नियमात स्पष्ट आहे." त्यांनी भिजलेले बूट दाखवले. "शिवाय तिकडे पोचल्यावर पाय ओले असतात. घरात फाटक्या चालतात. घरात कोण चालतंय."

"हे सगळं आईंना सांगायला काय झालं होतं?"

"तिने विचारलं नाही. संशय घेतला." मिनिटरावांनी रुमालाची घडी घातली. "आणि सांगितलं असतं, तर पुढची वीस वर्षं माझे नियम ती मलाच वाचून दाखवत बसली असती. चला. दहा मिनिटं उशीर झालाय."

उरलेले आठ किलोमीटर चष्मेवाला त्यांच्या मागून लंगडत चालला. तरी मनातलं एक कुसळ निघालं नव्हतं. तिकडे ती पिशवी उतरवून कोण घेतं? हे विचारायचं त्याने मुद्दाम टाळलं. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघू.

शेवटचा थांबा म्हणजे तलावाच्या टोकाला पंधरा-वीस घरं, एक शाळा आणि चहाची टपरी. गाडी तिथेच झाडाखाली दुपारपर्यंत उभी असायची. पण आज तिथे रांग होती. मुलंबाळं, म्हातारे, काठ्या, एक शेळी, आणि नुसत्या हाताने आलेली बरीच माणसं. चष्मेवाला दिसताच रांगेतली कुजबूज थांबली आणि सगळ्यांनी प्रवासाला निघाल्यासारखे चेहरे केले.

टपरीवरच्या म्हातारीने पिशवी आणून आपटली. "घ्या तुमचा प्रवासी," ती मिनिटरावांना म्हणाली. मग चष्मेवाल्याला खालून वर न्याहाळलं. "आणि हा तुमच्याबरोबर? कंडक्टर म्हणतो, डेपोचा माणूस आहे. गाडी बंद करायला मोजणी करतोय. सकाळपासून घरोघर फिरून माणसं गोळा केलीत मी. सत्तावीस."

"सगळे शहरात निघालेत?" चष्मेवाल्याने विचारलं.

"पहिल्या वळणापर्यंत," ती करड्या आवाजात म्हणाली. "तिथून चालत परत. तुम्हाला काय करायचंय? तिकिटं काढणार आहेत ना."

तो खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात मिनिटरावांनी त्याचं कोपर धरलं. "खोटं बोलू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "खरंही सांगू नका, सकाळपासून थांबलेत बिचारे. खिशात कागद असेल तर काहीतरी लिहा."

खिशात दुकानाचं नंबर लिहायचं पॅड होतं. चष्मेवाल्याने रांगेसमोर उभं राहून गंभीरपणे लिहायला घेतलं. मास्तर: डावा डोळा, नंबर बदलायला हवा. नर्स: ठीक. दोघी बहिणी: थोरलीला जवळचं दिसत नाही. लोक मान उंच करून बघत होते आणि त्याने पान उलटलं की शेळीसुद्धा ताठ उभी राहत होती.

म्हातारीने दोघांपुढे चहा ठेवला. चष्मेवाल्याच्या चहात साखर होती. मिनिटरावांच्या नव्हती.

"रोजची गाडी कोणी कापली, हे हिला माहीत आहे?" त्याने हळूच विचारलं.

"पहिल्याच गुरुवारी सांगितलं मी," मिनिटराव नव्या चपलांत पाय सरकवत म्हणाले. "तेव्हापासून साखर घालत नाही."

त्यांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. चष्मेवाल्याच्या मनातलं कुसळ तिथे निघालं.

गाडी तीन-चाळीसला सुटली, ती इतकी भरलेली की कंडक्टरला तिकिटं फाडायला दारापर्यंत पोचता येईना. पहिल्या वळणावर नेहमीचे चौघे सोडून बाकी तेवीस माणसं आणि शेळी उतरली. उतरताना प्रत्येकाने चष्मेवाल्याकडे असं पाहिलं, की जन्मात पुन्हा तोंड दाखवू नकोस. वाळलेले बूट घालून आणि चपला पुन्हा पिशवीत ठेवून मिनिटराव ती पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते.

पाच-पन्नासला फाटकाची कडी वाजली. सासूबाई दारातच होत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं, मग जावयाच्या लंगडण्याकडे.

"कोण होतं?" त्यांनी जावयाला विचारलं.

"पिशवी," चष्मेवाला म्हणाला. आणि दारातच उभ्याउभ्या त्याने नियमांसकट सगळं सांगून टाकलं, बिनसाखरेच्या चहाचंसुद्धा. मिनिटराव भिंतीला टेकून निकाल ऐकणाऱ्या माणसासारखे उभे होते.

सासूबाईंनी नवऱ्याच्या हातातून पिशवी घेतली, आत डोकावल्या, चपला काढून अंगणात झटकल्या, पुन्हा आत ठेवल्या आणि पिशवी जिन्याखालच्या खुंटीला अडकवली. कपाटावर नाही.

"सामानाने सीट अडवली तर पूर्ण तिकीट," त्या आत जाता जाता म्हणाल्या. "पलंगावर तुमचे पेपर पसरलेले असतात, त्याचं काय ते ठरवा आता."

मिनिटरावांनी डोळे मिटले. वीस वर्षांतलं पहिलं मिनिट सुरू झालं होतं.

चष्मेवाला जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून बूट काढत होता. टाचेला फोड आला होता, मोज्यांतून तलावाचा वास येत होता, आणि तरी ते पाणी, त्या दगडांवरच्या रेघा, तो पंख वाळवणारा पक्षी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"बाबा," तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी मीही येऊ का तुमच्याबरोबर?"

मिनिटरावांनी खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"या, पण तुम्ही पिशवीच्या जागेवर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं."